‘तू तिला समजाव ना!’

रात्री साडेदहाला आईचा फोन आला की माझ्या पोटात धस्स होतं. आमच्या घरी नऊनंतर सहसा कुणी फोन करत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात असाच फोन आला. आई एवढंच म्हणाली, ‘‘तुझ्या बहिणीनं काय घोळ घातलाय तो तिलाच विचार. बाबांनी दोन दिवस धड जेवण केलेलं नाही. तुझं ती ऐकते. तू तिला समजाव ना!’’

घोळ म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. अठ्ठावीस वर्षांची, मिळवती, लग्नाची मुलगी आणि जेवण सोडलेले बाबा. एवढ्या खुणा कुठल्याही मराठी घरात पुरेशा असतात.

मुलगा कन्नड होता. दावणगेरेचा, जात वेगळी, बहिणीच्याच कंपनीत नोकरीला. तुम्ही म्हणाल, बंगळूरमध्ये जन्मलेल्या मुलीनं कन्नड मुलगा निवडला यात नवल ते काय? खरंय. पण आमचं घर मूळचं बेळगावचं. आजोबा सीमासत्याग्रहात तुरुंगात गेलेले. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून तिथली मराठी माणसं तो दिवस ‘काळा दिवस’ म्हणून पाळतात. आजोबा असेपर्यंत त्या दिवशी घरात गोडधोड होत नसे. आणि आता नातीनं घरात आणायला निघालेला मुलगा त्याच दिवशी लाल-पिवळा झेंडा लावून राज्योत्सव साजरा करणाऱ्यांपैकी!

मी रजा टाकली आणि उद्यान एक्सप्रेस धरली.

न बोलता केलेला विरोध

गाडीत जवळपास एक दिवस काढायचा होता. खिडकीबाहेर पाहता पाहता मला दहा वर्षांपूर्वीचं माझं स्वतःचं प्रकरण आठवत राहिलं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पत्रकारितेच्या पदविकेच्या वर्गातला एक मित्र होता. आमचं ठरत आलं होतं. मी घरी सांगितलं. बाबांनी एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. त्यांनी फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. आई फोनवर रोज एकच वाक्य सांगायची, ‘‘यांचं बीपी वाढलंय गं, पण तू काळजी करू नकोस.’’ मग मामा सहज म्हणून मुंबईला येऊन गेले. मावशीनं सहज म्हणून एका इंजिनीअर मुलाची माहिती पाठवली. कुणी रागावलं नाही, कुणी धमकी दिली नाही. सतराव्या दिवशी मीच बाबांना फोन केला आणि म्हटलं, ‘‘तुम्ही म्हणाल तसं.’’

त्यानंतर वर्षभरात घरच्यांनी पाहिलेल्या मुलाशी माझं लग्न झालं. माझा नवरा भला माणूस आहे, संसार सुखाचा आहे. हे मी मनापासून लिहिते आहे, तोंडदेखलं नाही. पण त्या सतरा दिवसांनी माझं एक नुकसान केलं. बाबांच्या गप्प बसण्याची मला कायमची भीती बसली. लग्नानंतर वर्षभरानं माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा मी आईला सांगितलं, पण बाबांना सांगू नकोस अशी शपथ घातली. त्यांना ते चार महिन्यांनी कळलं. ज्या बाबांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले, त्यांना माझं सर्वांत मोठं दुःख सांगायची मला हिंमत झाली नाही.

मुलं आईवडिलांचं ऐकतात तेव्हा आईवडील जिंकले असं सगळ्यांना वाटतं. त्या जिंकण्याची किंमत कुणी मोजत नाही. आज्ञाधारक मूल पुढे पुष्कळ गोष्टी लपवायला शिकतं.

अकरा हरकती

विमानपुऱ्यातलं आमचं घर तसंच होतं. बाबा १९८४ मध्ये बेळगावहून विमान कारखान्यात नोकरीला आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. गणपतीत गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जायचं, दिवाळीला बेळगावला जायचं, आणि बाकी सारं वर्ष भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी कन्नडमध्ये बोलायचं, असा आमचा संसार. बाबांचे जिवाभावाचे चारही मित्र कन्नड. एकाच्या मुलीच्या लग्नात बाबांनी मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं पाहिलं होतं. पण मैत्री वेगळी आणि सोयरीक वेगळी.

बहीण खोलीचं दार लावून बसली होती. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती. ‘‘आपण इथे परकेच,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या काही झालं तर तिच्या बाजूनं कोण उभं राहणार?’’ मी म्हटलं, ‘‘अगं, १६३८ पासून मराठी माणसं इथे आहेत. हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं.’’ आई म्हणाली, ‘‘शहाजीराजांना मुलीचं लग्न कन्नड मुलाशी करायचं नव्हतं.’’ यावर मी काय बोलणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांसमोर एक कोरा कागद ठेवला. म्हटलं, ‘‘बाबा, तुमच्या सगळ्या हरकती लिहून काढा. तोंडी नको, लिहूनच.’’ आयुष्यभर कारखान्यात तपासणीचे तक्ते भरलेला माणूस. चष्मा लावून त्यांनी मुकाट्यानं लिहायला घेतलं. आईही बाजूला येऊन बसली. अर्ध्या तासात अकरा हरकती झाल्या.

मी त्या कागदावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला मुलाबद्दलच्या हरकती: नोकरी किती टिकाऊ, कर्ज किती, व्यसन आहे का, लग्नानंतर राहणार कुठे. अशा चार निघाल्या. दुसऱ्या बाजूला सात: नातेवाईक काय म्हणतील, आजोबांच्या आत्म्याला काय वाटेल, जात, भाषा, काकांच्या मुलीच्या लग्नात अडचण येईल का, सण कुणाचे करायचे, आणि मुलांची आडनावं.

बाबा त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मला मुलाबद्दल फारसं काही ठाऊकच नाही.’’

वाचकहो, तुमच्याही घरी अशी वेळ आली तर ही रेघ ओढून पाहा. डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं मुलाला किंवा मुलीला विचारून मिळतात. उजवीकडच्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्यापाशी नसतातच. ती आपल्यालाच द्यायची असतात.

आईवडील आणि मुलं यांच्या मापातला हा फरक फक्त आपल्याकडे नाही. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ आब्राहम बुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तरुणांना विचारलं होतं की, जोडीदारातली कुठली उणीव तुम्हाला जास्त खटकेल आणि कुठली तुमच्या आईवडिलांना. रूपाची वगैरे उणीव मुलांना स्वतःला जास्त खटकत होती. गरिबी, वेगळा समाज या गोष्टी आईवडिलांना जास्त खटकतील असं त्यांचं उत्तर आलं. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये तर आईवडील आपल्या मुलामुलींचं वय, शिक्षण, पगार लिहिलेले कागद छत्र्यांवर लावून बसतात. मुलं बहुधा तिथे नसतातच. आपल्याकडे २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं जेमतेम ५ टक्के आढळली होती. म्हणजे कारखाने बदलले, शहरं बदलली, पण उजवीकडची यादी काही बदलली नाही.

डोसा आणि एक लपवलेली गोष्ट

संध्याकाळी मी, बहीण आणि तो मुलगा गांधी बाजारातल्या ‘विद्यार्थी भवन’मध्ये भेटलो. १९४३ पासूनचं हे हॉटेल. आत जागा मिळायला बाहेर रांगेत उभं राहावं लागतं. त्या रांगेत माणसाची बरीच पारख होते. मुलगा नम्र होता. माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायचा प्रयत्न करत होता. त्याच्याही घरी आनंदीआनंद नव्हता. त्याच्या आईला वाटत होतं की, मराठी सून आली की मुलगा घरच्यांपासून तुटणार. म्हणजे तिकडेही उजवीकडची यादी होतीच!

डोसे आले. मी कागद काढला आणि चार प्रश्न सरळ विचारले. नोकरी, व्यसन, घर, या तिन्हींची उत्तरं त्यानं चटचट दिली. कर्जाचं विचारलं तेव्हा त्यानं पाण्याचा पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला.

‘‘नऊ लाख,’’ तो म्हणाला. थोडं शिक्षणाचं राहिलेलं. बाकीचं वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी काढलेलं.

मी बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. तिला हे ठाऊक नव्हतं.

‘‘मला का नाही सांगितलंस?’’ तिनं विचारलं.

तो म्हणाला, ‘‘तुझ्या घरच्यांना मी आधीच नको आहे. त्यांना आणखी एक कारण कशाला द्यायचं?’’

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रात्री मात्र ढसाढसा रडली. रडण्याचं कारण नऊ लाख नव्हतं. आपल्यापासून गोष्ट लपवली गेली, हे तिला सोसत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि मला माझे सतरा दिवस आठवत होते. भीतीपोटी मी बाबांपासून दुःख लपवलं. भीतीपोटी या मुलानं बहिणीपासून कर्ज लपवलं. विरोध माणसं तोडतोच असं नाही, पण खरं बोलणं तोडतो.

अमेरिकेत १९७२ मध्ये रिचर्ड ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोमधल्या १४० जोडप्यांचा अभ्यास केला. घरच्यांनी आडकाठी केली की प्रेम वाढतं, असा त्यांचा निष्कर्ष ‘रोमिओ-ज्युलिएट परिणाम’ म्हणून गाजला. आपल्या सिनेमांनाही तो आवडेल असाच. पण त्याच अभ्यासात, आडकाठीबरोबर जोडप्यांमधला विश्वास कमी होतो आणि एकमेकांवर टीका वाढते, हेही दिसलं होतं. ते फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. पुढे २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा विरोधानं प्रेम वाढतं असं काही आढळलं नाही. घरच्यांची आणि मित्रांची साथ असेल तर नातं जास्त टिकाऊ होतं, असंच दिसलं. म्हणजे आईवडिलांचा शब्द हलका नसतो. तो जड असतो, म्हणूनच जपून टाकायचा असतो.

बाबांना सांगितलेली गोष्ट

दुसऱ्या दिवशी आईला सगळं कळलं. ‘‘बघ, मी म्हणत नव्हते!’’ असं ती म्हणाली. खरं तर कर्जाबद्दल ती काहीच म्हणत नव्हती. ती भाषेबद्दल म्हणत होती.

बाबा मात्र गप्प झाले. तीच ती गप्प बसण्याची रीत. आणि त्या क्षणी, इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते मी बोलले.

‘‘बाबा, तुम्ही असे गप्प बसता ना, तेव्हा मला फार भीती वाटते. माझं बाळ गेलं ते मी तुम्हाला चार महिने सांगितलं नाही, ते याच भीतीनं. हिच्यावर तशी वेळ आणू नका. उद्या हिला त्या घरी त्रास झाला, तर तो सांगायला ही तुमच्याकडे यायला हवी की नको?’’

आईनं गॅस बंद केला. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते म्हणाले, ‘‘मला वाटायचं, मी रागावत नाही म्हणजे मी चांगला बाप आहे.’’

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘त्याचा महिन्याचा हप्ता किती आहे? वडिलांच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढलं, हे वाईट नाही. लपवलं, ते वाईट. बोलाव त्याला घरी. मी विचारतो.’’

आता उरली आजी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आमची आजी कोपऱ्यातल्या खाटेवर बसून सगळं ऐकत होती. आजोबांच्या नावानं जी हरकत कागदावर होती, तिचा निकाल तीच देऊ शकत होती. बाबांनी भीत भीत विचारलं, ‘‘आई, अण्णांना काय वाटलं असतं गं?’’

आजी अजून बेळगावच्या बोलीत बोलते. ‘‘मी काय सांगतो ऐक,’’ ती म्हणाली. ‘‘माझं लगीन झालं तवा अंतरपाट खाली पडला आणि मग मी त्यांचं तोंड बघितलो. मला कोण विचारलं होतं? माझ्या आईच्या माहेरी, अथणीकडं, निम्मं घर कन्नडच बोलत होतं. तुझे अण्णा भांडले ते सरकाराशी. शेजाऱ्याशी न्हवं.’’

१ नोव्हेंबरला मुलगा आमच्या घरी आला. ती तारीख कुणी ठरवून निवडली नव्हती; त्याला सुट्टी होती म्हणून. कॉलनीच्या फाटकावर लाल-पिवळा झेंडा फडकत होता. तो दारात उभा राहिला आणि कुणी काही बोलायच्या आत आजीनं खाटेवरून विचारलं, ‘‘ऊट आयता?’’ जेवलास का रे? मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. आई हळूच स्वयंपाकघरात गेली आणि तिनं पोळ्यांची कणीक थोडी जास्त भिजवली.

बाबांनी तासभर कर्जाचा हिशेब विचारला. मुलानं सगळे कागद आणले होते. बहीणही समोरच बसून ऐकत होती, कारण बाबांनीच तसं सांगितलं होतं. तिला निर्णय घ्यायला आणखी तीन महिने लागले. या वेळी त्या तीन महिन्यांत तिला कुणी ढकललं नाही आणि कुणी ओढलंही नाही.

कायदा आणि घर

या सगळ्यात कायदा कुठे येतो? कायद्याच्या दृष्टीनं प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. मुलगी अठराची, मुलगा एकवीसचा असला की संमती त्या दोघांचीच लागते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात जातीची आडकाठी नाही. धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. तिथल्या एका व्याख्याती मुलीनं घरच्यांना न सांगता दुसऱ्या कॉलेजमधल्या प्राध्यापकाशी लग्न केलं. वडिलांनी ती हरवल्याची तक्रार दिली, आणि जबाब द्यायला गावच्या ठाण्यातच ये, असा पोलिसांनी आग्रह धरला. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला. दोन सज्ञान व्यक्ती लग्नाला तयार असतील तर कुटुंबाची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण न्यायमूर्ती तिथेच थांबले नाहीत. आईवडिलांनी हे लग्न स्वीकारावं, मुलीशी आणि जावयाशी पुन्हा संबंध जोडावेत, अशी आशाही त्यांनी निकालात व्यक्त केली. मला तो निकाल वाचताना हेच जाणवलं की, न्यायालय लग्न वाचवू शकतं, माहेर नाही. माहेर वाचवणं घरच्यांच्याच हाती असतं.

बहिणीचं लग्न झालं. मामा आले नाहीत. मावशी आली, पण अक्षता टाकून लगेच निघाली. आईचे उसासे अजून अधूनमधून ऐकू येतात, विशेषतः जावई पुरणपोळीऐवजी बिसीबेळे भात मागतो तेव्हा! कर्ज अजून फिटलेलं नाही. पण मागच्या महिन्यात बहिणीच्या सासरी काही कुरबूर झाली, तेव्हा तिनं पहिला फोन बाबांना केला. बाबांनी तो रात्री अकराला घेतला आणि सगळं ऐकून घेतलं. हे मला आईनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरा भरून आला होता.

हे सगळं लिहून मी शहाणी झाले आहे, असं मात्र समजू नका. परवाच माझी सहा वर्षांची मुलगी शाळेतून आली आणि नव्या मित्राबद्दल भरभरून सांगू लागली. मी वरणाला फोडणी देत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘त्याचं आडनाव काय गं?’’

ती म्हणाली, ‘‘माहीत नाही. तो मला खोडरबर देतो.’’